दुसऱ्या नळीतली रेघ

प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावर रेघ ताडकन उभी राहिली आणि ती डोळे फाडून बघू लागली. युरॅसिल. सजीवांमधला आरएनए ज्या तुकड्यांनी बनतो त्यांतला एक तुकडा, आणि तोही आकाशातून पडलेल्या दगडात. ती खुर्चीवरून निम्मी उठली. दारात जाऊन ओरडायचंच काय ते बाकी होतं.

मग तिने जीभ चावली. बाईसाहेब, पुन्हा नाही हं.

मागच्या खेपेला अशीच रेघ पाहून तिने अख्खा मजला डोक्यावर घेतला होता. आईला फोन झाला, सगळ्यांना चहा झाला, आणि मग सर हळूच म्हणाले, "अगं, ते मीच टाकलं होतं." सरांची ही जुनी खोड. पहिल्या नळीत साधं पाणी, बाहेरची भेसळ तर नाही ना ते कळायला; बाकीच्यांत दगडाची पूड उकळून गाळलेलं पाणी. आणि त्यांतल्या एकीत सर बाटलीतलं युरॅसिल गुपचूप सोडत. यंत्राला ते सापडतं का, बघायला. कोणत्या नळीत, ते फक्त त्यांना ठाऊक. तेव्हापासून सगळे तिला 'बातमीदार' म्हणत.

आज मात्र थट्टेचा दिवस नव्हता. दगडाची शेवटची चिमूट या नळ्यांत गेली होती. यातही काही निघालं नाही तर काम बंद, आणि महिनाअखेरीला सर रिकाम्या हातांनी निवृत्त होणार. त्यांच्या पदरात काहीतरी पडावं, असं तिला फार वाटत होतं. पहिली नळी कोरी गेली होती. दुसरीत ही रेघ, बाकीच्या अजून तपासायच्या होत्या. म्हणजे सरांचीच करामत. तिचा पार हिरमोड झाला.

सर चष्मा पुसत आत आले. "काय बातमीदार, आज गप्पगप्प?"

"तुमचं युरॅसिल सापडलं, सर. यंत्राला पैकीच्या पैकी मार्क. मलाही द्या थोडे, मी ओरडले नाही."

"कितव्या नळीत?"

"दुसऱ्या."

सरांचा हात चष्म्यावर तसाच थांबला. ते पडद्यापाशी येऊन वाकले. मग चाचपडत स्टूल ओढलं आणि मटकन बसले.

"पहिली कोरी आहे ना? नीट बघितलंस?"

"अगदी कोरी. का हो सर?"

"मग ओरड की, बातमीदार," ते म्हणाले. "मी टाकलंय ते शेवटच्या नळीत."