विरघळलेलं गंधक

लिथियम-सल्फर बॅटरीचं चार्जिंग-डिस्चार्जिंग संगणकावर चालवून बघताना तिला सरांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली. दर खेपेला थोडं गंधक विरघळून वाया जातं, ते सरांनी धरलंच नव्हतं. तिने ते धरलं, तर हजार वेळा चार्ज होणारी बॅटरी साठाव्या खेपेलाच मेली. सरांचं सगळं नाव या हजारावर उभं होतं.

भीत भीत तिने आलेख सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्माही लावला नाही.

"माहीत आहे मला."

"कधीपासून, सर?"

"नऊ वर्षं झाली. तुझ्या आधीच्या मुलीने दाखवलं होतं."

त्या मुलीबद्दल लॅबमध्ये सगळ्यांनी ऐकलं होतं. साधं सिम्युलेशन जमेना, तीन वर्षं तेच आकडे पुन्हापुन्हा तपासत बसली, शेवटी डोक्यावर परिणाम झाला आणि घरचे येऊन घेऊन गेले.

"पण सर, तिचं तर बरोबर होतं!"

"हो. हुशार होती पोरगी, तुझ्याइतकीच," सर मायेने म्हणाले. "दार लावून घे आणि बस. तुझ्या प्रबंधाचं काय ते ठरवून टाकू."

तिने जाऊन दार लावलं.