आलेखातला एकच उंचवटा

“राष्ट्राच्या आयुष्यात एखादंच वर्ष असं उगवतं, जेव्हा ते शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभं राहतं!” असं म्हणून व्यापार खात्याचे संचालक टेबलाखाली शिरले. आवेशात छाती फुगवताना त्यांच्या कोटाचं बटण तुटून गडगडत गेलं होतं.

ते समोर बसलेल्या मिस्त्रींच्या चपलेपाशी थांबलं. मिस्त्रींनी ते उचललं आणि मुठीत धरलं.

भिंतीवर आलेख होता. तीस वर्षांत शेजारी देशानं आपल्याला किती माल विकला आणि आपण त्यांना किती, याच्या दोन रेघा. त्यांची रेघ जिना चढल्यासारखी वर गेली होती. आपली खाली अंथरूण टाकून पडली होती. सात वर्षांपूर्वी मात्र ती एकदा दचकून उठली, त्यांच्या रेघेच्या वर डोकं काढून पाहिलं, आणि पुन्हा आडवी झाली.

“संध्याकाळी मंत्रीसाहेब याच उंचवट्यावर बोलणार आहेत,” संचालक धूळ झटकत म्हणाले. “आणि त्या वर्षाचे शिलेदार म्हणून तुमचा सत्कार. निर्यातीच्या बेचाळीस खोक्यांवर तुमची सही सापडली, मिस्त्री. ‘तपासून भरले.’”

“सही माझीच.” मिस्त्रींनी मांडीवरची पिशवी सावरली. आत लोखंड वाजलं. “पण तुमच्या पत्रात ‘कारखान्याच्या संदर्भात भेटावे’ असं होतं. मला वाटलं, कारखाना पुन्हा सुरू करताय. म्हणून पाने-पकडी घेऊनच आलो. बायकोनं सात वर्षांनी डबा भरून दिला.”

“तो विषय वेगळा. तुम्ही मंचावर एवढंच सांगायचं, की त्या खोक्यांत काय होतं आणि तुम्हाला किती अभिमान वाटतो. काय होतं हो? नोंदीत नुसतं ‘यंत्रसामग्री’ आहे.”

“कारखाना होता.”

“म्हणजे?”

“आमचा बटणांचा कारखाना. मालकांनी तिकडे विकला. सोळाच्या सोळा यंत्रं मीच खोलली. एकेक बोल्ट पुडीत बांधून वर चिठ्ठी लावली. शेवटच्या खोक्यात भोंगा भरला. बंदरावर तर रांगच होती, साहेब. आमच्या पुढे साबणाचा कारखाना, मागे कुलपांचा.”

संचालकांनी आलेखाकडे पाहिलं. उंचवट्यानंतर शेजाऱ्यांच्या रेघेनं जिना सोडून शिडी धरली होती.

“हे मंचावर नको,” ते हळूच म्हणाले. “‘खोक्यांत आमची मेहनत होती’ म्हणा. खोटंही नाही ते. प्रमाणपत्र मिळेल, चौकटीसकट.”

“आणि काम?”

“चौकट लाकडी आहे, मिस्त्री. प्लास्टिकची नाही.”

मिस्त्रींनी मूठ उघडली आणि बटण खिडकीच्या उजेडात धरलं. कडेला केसाएवढा ओरखडा होता. तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

“कोट इथलाच का, साहेब?”

“शिवला इथेच. बटणं तिकडची. आता सगळी तिकडचीच येतात.”

मिस्त्रींनी बटण टेबलावर ठेवलं, पिशवी खांद्याला लावली आणि दारापाशी जाऊन थांबले.

“येतो संध्याकाळी. तुम्ही सांगाल ते म्हणतो. फक्त एक कराल? तिकडे कुणाला पत्र लिहाल तेव्हा एवढं कळवा, की सात नंबरच्या यंत्राला तेल डाव्या बाजूनं घाला. उजवीकडून घातलं की बटण असं ओरखडतं.”