दरी कुठल्या अंगाला

"टायर अजून जळायला पाहिजेत, नाना," काळू म्हणाला.

सावळीरामने सायकलच्या ट्यूबचे टायर कापले होते, वितळवलेही होते. तरी त्याने तो वीतभर ट्रक परत चिमटीत उचलला आणि पणतीवर धरला. रबराचा वास खोलीभर पसरला.

गणपती बसायला दोन दिवस उरले होते. मखमलाबादच्या त्या आळीत सावळीरामचा देखावा बघायला सगळे यायचे, आणि सगळी आळी त्याला नानाच म्हणायची. पहाटे झेंडूच्या पाट्या नाशिकच्या बाजारात टाकायच्या आणि दुपारी थर्मोकोल, खळ घेऊन बसायचं, हा त्याचा श्रावणातला नेम. कधी किल्ला, कधी धरण. पण दोन हजार एक सालच्या गणपतीला त्याने जे मांडायला घेतलं होतं, ते बघून मंडळाची बडबडी पोरंही गप्प झाली होती.

डोंगरातला अरुंद रस्ता. दरीत कोसळलेला लष्करी ट्रक, त्याच्याखाली चेपलेली जीप, मागे रस्त्यात आडवा झालेला पाण्याचा टँकर. फुटाला अर्धा इंच, असं काटेकोर माप. औषधाच्या पाकिटांचा पत्रा चुरगाळून बॉनेट केलेलं, गेरू आणि चहाचं पाणी मारून गंज चढवलेला, वरून चिमणीची काजळी.

समोर भिंतीला जयरामचा फोटो टेकवला होता. त्यावर बघून सावळीरामने स्टिअरिंगमागचा बोटाएवढा माणूस रंगवला होता. शेजारच्या सीटवर तसाच दुसरा, काळूचा.

दोन वर्षांपूर्वी लष्करात ड्रायव्हर असलेला जयराम याच रस्त्यावर गेला. चौकशीत निघालं ते असं, की ट्रक जयराम चालवत होता आणि त्याला डुलकी लागली. पुढच्या जीपला घेऊन ट्रक दरीत गेला. त्याच्यासोबत आणखी पाच जण गेले. शेजारच्या सीटवरचा जोडीदार ड्रायव्हर काळू तेवढा उडी मारून वाचला. त्याच्याच जबानीवर चौकशी मिटली.

तेव्हापासून जयरामचं नाव निघालं, की आळीत कोणीतरी म्हणायचंच, "झोपला मेला, आणि पाच जणांना घेऊन गेला." सावळीरामला ते ऐकवत नसे. हेच पोर लहानपणी याच खोलीत त्याच्या मांडीवर बसून बोटाने खळ चाटायचं.

"गणपतीपुढं असलं अभद्र कशाला मांडता?" त्याची बायको लंकाबाई चहा घेऊन आली. "झालं ते झालं. फुलांचं मखर करा की साधं."

"कसं झालं ते दिसू दे लोकांना."

"लोकांना काय करायचंय?" तिने काळूच्या कपातली साय बोटाने काढून टाकली आणि कप त्याच्यापुढे सरकवला.

"पलीकडची पुतळाबाई दरवर्षी हार ओवायला यायची," सावळीराम म्हणाला. "आता आरतीलाबी येत नाय."

लंकाबाई दारातच टेकून उभी राहिली.

"माझी सुट्टी संपू द्या, नाना," काळू म्हणाला. "चारच दिवस राहिलेत. मग मांडा काय ते."

"एकच काम कर. तू डोळ्यांनी बघितलंय. काय चुकलंय तेवढं सांग, मग नाय विचारत."

काळूने सुस्कारा सोडला. कॅलेंडरमागची बॅटरी काढून त्याने देखाव्यावर उजेड पाडला. आधी तो नाराजीनेच वाकला होता, पण बघता बघता त्याच्यातला ड्रायव्हर जागा झाला.

"जीप अजून खाली पाहिजे. टँकरचं तोंड इकडं. आणि नाना, तुमची दरीच उलटी झालीय. आम्ही चढाला होतो. दरी डाव्या अंगाला, डोंगर उजव्या."

सावळीरामचा हात जागच्या जागी थांबला.

"नीट आठव. माणूस चुकतो."

"रोजचा रस्ता तो. कसा चुकेन?"

"उजवीकडं असेल दरी."

"डावीकडं. पैज लावा."

चुकलो म्हण, सावळीरामला वाटत होतं. एकदा म्हण. पण काळू हसत होता. सावळीरामने टाचण्या उपटल्या आणि डोंगर उचलून पलीकडे लावला. ट्रक डाव्या अंगाला कलता करून दरीच्या काठावर ठेवला.

"आणि तू कुठं पडलास?"

"इथं. डोंगराच्या कडेला, गटारात." काळूने बोट ठेवलं.

बोट तिथेच राहिलं.

स्टिअरिंग उजवीकडे होतं. त्यामागे जयराम. डावीकडच्या सीटवर काळूचा माणूस. सावळीरामने नखाने डावं दार उघडलं. खाली नुसती दरी होती.

"या दारातनं उडी मारून तू डोंगराकडं कसा पडलास, काळू?"

बाहेर मंडळाची पोरं ढोल वाजवून बघत होती. काळूने लंकाबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"डुलकी मला लागली, नाना," तो शेवटी म्हणाला. "जयराम ओरडला. मला माझं दार सापडलं, त्याला... तो तर गेलाच होता. म्हटलं, गेलेल्याला आता कोण काय करणार? मला मात्र धरलं असतं."

सावळीरामने दोन्ही माणसं ट्रकमधून काढली. खळीने पक्की बसली होती, वेळ लागला. काळूला त्याने उजवीकडे बसवलं, जयरामला डावीकडे. मग हात पुसले आणि फोटो उचलला.

"चप्पल घाल."

"कुठं जायचंय?"

"वर साहेबांना लिहून द्यायचं ते उद्या. आधी पुतळाबाईकडं."

लंकाबाई दारात आडवी झाली. "पाया पडते तुमच्या. अहो, एकुलता एक लेक हाय आपला! जेलात घालतील त्याला."

सावळीरामने जयरामच्या फोटोवरची काजळी सदऱ्याच्या बाहीने पुसली.

"पुतळाबाईलाबी एकच होता," तो म्हणाला.