दोन काठांची ओवी

साधनानं ओवी सोडली आणि ढोल थांबला. आता संपतची पाळी.

निमोण्याच्या जत्रेत दोन गावांचा ओव्यांचा सामना ऐन रंगात आला होता. निमोण्याकडून संपत, खुटबावकडून साधना. दोघांचा साखरपुडा दिवाळीतच झालेला, त्यामुळं बायाबापड्यांना ओव्यांपेक्षा चेष्टेचीच हौस जास्त. संपतला मात्र घाम फुटला होता. जिंकेल त्याला दिल्लीच्या महोत्सवात गायला मिळणार होतं, आणि त्या दिल्लीपायी त्याची तहानभूक हरपली होती.

सामन्याची रीत अशी, की कथा दोघांची एकच. नवऱ्याच्या तोंडचं संपतनं गायचं, नवरीच्या तोंडचं साधनानं. एकानं सोडलं तिथूनच दुसऱ्यानं उचलायचं, ज्याला उचलता येणार नाही तो हरला. आणि कथेत मेलेलं माणूस पुन्हा उठवायचं नाही.

कथेतला नवरा, सावळा नावाचा मेंढका, भीमेच्या अलीकडच्या काठाला उभा होता. राजानं त्याला सरदारकीचं बोलावणं धाडलेलं. पलीकडं गुडघाभर पाण्यात त्याची नवरी बयाबाई. साधनानं तिच्या तोंडी शेवटची ओवी घातली होती, ‘जावा धनी, सरदार व्हा. मी हितंच वाट बघते.’

संपत चमकला. एवढी हुशार पोरगी, आणि स्वतःच वाट मोकळी करून देते? चुकलीच म्हणायची. आता सावळ्याला घोड्यावर बसवलं की झालं. पण पुढची पाळी पुन्हा साधनाची होती. तिच्या एका ओवीनं अख्खी जत्रा डोळ्याला पदर लावते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याचा जीव होता तिच्यावर, खोटं कशाला सांगा. तरीही हातचं जाऊ द्यायला मन धजेना.

त्यानं कानावर हात ठेवला आणि भीमेला पूर आणला. दोन ओव्यांत बयाबाई बुडाली.

आता साधनानं कुणाच्या तोंडचं गायचं? पंच तात्याबांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग संपतच्या डोक्याला फेटा बांधला. भंडारा उधळला गेला.

गर्दीतून वाट काढत संपत तिच्यापाशी आला. “रागावलीस व्हय? अगं, सामना हाय ह्यो.”

साधनानं त्याच्या फेट्याकडं पाहिलं.

“मी आज हरायलाच आले हुते,” ती म्हणाली. “मला कशाला बुडवलंत?”