हातातली चप्पल

डॉक्टरबाई तपासत होत्या, तेवढ्यात लेकीचे डोळे फिरले आणि अंग ताठ झालं. सवयीनं मी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी नेली. बाईंनी माझा हात बाजूला सारला, तिला कुशीवर वळवलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसल्या.

मागच्या भिंतीवर डिग्र्यांच्या पाच फ्रेमा, आणि ह्या घड्याळ बघतायत! "अहो बाई, इंजेक्शन द्या ना! एवढं शिकलात कशाला?"

"झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर देईन. भरून ठेवलंय." नजर काट्यावरच.

दोन मिनिटं दहा सेकंदांनी अंग सैल पडलं. लेक शांत श्वास घेऊ लागली.

"चुकलं माझं. पण एवढं शांत राहायला कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

त्यांनी माझ्या हातातल्या चपलेकडं पाहिलं.

"घरी शिकले. धाकट्या बहिणीच्या नाकाला चप्पल लावायचं काम माझं होतं. शेवटच्या झटक्यातही मी ती घट्ट धरून होते. अर्धा तास की तास, कुणास ठाऊक. घड्याळ कुणीच बघितलं नव्हतं."