फक्कीची भिंत

राजारामपुरीत एसटीडी बूथ चालवणारा संगमेश कोडोलीत घर बांधत होता. "इंजिनिअरसाहेब, आईच्या खोलीला दार बाहेरनंच ठेवा," त्यानं मला बजावलेलं. "तिच्या भजनातल्या बायका माझ्या हॉलमधनं नकोत." पाया खणण्याआधी मी पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर तसंच घर आखलं. त्याच्या बायकोनं थर्मास उघडून स्वयंपाकघराच्या चौकोनातनं सासूला हाक मारली, "आत्ती, च्या घ्यायला या!" आम्ही सगळे रेघा ओलांडून गेलो. संगमेशची आई शांतव्वा मात्र आपल्या खोलीतनं बाहेरच्या दारानं निघाल्या, उन्हातनं अख्ख्या घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आल्या, चपला काढून आत शिरल्या. "आई, सरळ यायचं की," संगमेश हसला. "नुसती फक्की हाय." "उद्या भिंत हुईल," त्या म्हणाल्या. "सवय नको व्हय?" संगमेशनं कप खाली ठेवला. मग त्यानं आईची खोली आणि हॉल यांच्या मधली रेघ पायानं पुसली, दाराएवढी.