नऊ मीटर

मैदान नव्याने बांधायला आलेल्या इंजिनिअरने धावपट्टीला टेप लावली आणि हसत म्हणाला, "सर, तुमची चारशे मीटरची फेरी चारशे नऊ भरतेय की!"

कोचची मान खाली गेली. वीस वर्षांपूर्वी त्या फेरीची चुन्याची रेघ त्यांनी स्वतःच्या हाताने आखली होती. त्याच रेघेवर धावून चारशे मीटरच्या निवडीची वेळ एका सेकंदाने हुकलेल्या पोरीला त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "माणसाच्या शरीराला मर्यादा असते, बाळ. तुझी इथवरच. नाद सोड."

नेमकी तीच आज लेकीचं नाव घालायला आली होती.



"सर, हिचाही दम माझ्याइतकाच निघाला, तर मला सांगितलंत तसं हिलाही वेळीच सांगा. तुमचे फार उपकार झाले तेव्हा."